आधी खोली, मग ॲम्प

जॅझ गिटार शिकणारं कुणी ॲम्प घ्यायला दुकानात गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती वॉटचा दाखवू?’ प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवं ते वेगळंच. वाजवणार कुठे? बरोबर कोण? ड्रम्स आहेत का? गिटार पोकळ आहे की भरीव? एवढं कळलं की अर्धी निवड झालेली असते. वॉटचा आकडा त्यानंतर येतो, आणि दुकानात सुचवतात त्यापेक्षा तो बहुतेक वेळा लहान असतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. दुकानातला मुलगा ॲम्प सुरू करतो, गेन वाढवतो, डिस्टॉर्शनचं बटण दाबतो आणि रॉकचा एखादा रिफ वाजवून दाखवतो. ॲम्प गुरगुरतो, गिऱ्हाईक खूश होतं. ज्याला जॅझ वाजवायचा आहे त्याला या प्रात्यक्षिकातून काहीही कळत नाही. जे बटण तो आयुष्यात क्वचित दाबणार, त्याच्या जोरावर त्याला वस्तू विकली जाते. आपल्याकडे गिटारच्या ॲम्पबद्दल मिळणारा सल्ला जवळजवळ सगळा रॉककडून आलेला आहे. रॉकवाल्यांचा त्यात दोष नाही, त्यांना त्यांचं काम नीट कळतं. जॅझचं काम निराळं आहे, आणि ते का निराळं आहे हे मुळातून समजून घेतलं तर पैसे वाचतात आणि कानही.

गिटारला ॲम्प लागला कशासाठी, तिथून सुरुवात करू. अमेरिकेतल्या मोठ्या बँडमध्ये गिटार तालाच्या रांगेत बसत असे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या भिंतीपुढे तिचे एकेरी सूर ऐकूच येत नसत. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला आणि १९८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं तो बिनविजेची गिटार वाजवत होता. चार मात्रांना चार ठोके, आणि तेवढ्यावर सबंध बँड उभा. त्याला ॲम्पची गरज नव्हती, कारण तो एकटा पुढे येऊन काही सांगत नव्हता. हे पहिल्यांदा लक्षात घ्या: तुमचं काम फ्रेडी ग्रीनचं असेल तर ॲम्पवर खर्च करण्याआधी एक चांगली आर्चटॉप घ्या.

चार्ली ख्रिश्चनला पुढे यायचं होतं. गिब्सनने १९३६ साली ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारात आणली, जोडीला ईएच-१५० हा ॲम्प. तो सुमारे १५ वॉटचा होता. १९३९ साली ख्रिश्चन बेनी गुडमनकडे आला आणि क्लॅरिनेटच्या शेजारी उभं राहून सॅक्सोफोनसारखे लांबलचक एकेरी पल्ले वाजवू लागला. १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. जॅझ गिटारचा आवाज म्हणून आपण आज जे ओळखतो ते त्या दोन-अडीच वर्षांत ठरलं, आणि ते १५ वॉटवर ठरलं. शंभर वॉटची भाषा करणाऱ्याला हा आकडा शांतपणे ऐकवावा.

आता वॉटचं गणित. ते शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकंच सोपं आहे आणि तरी दुकानात कुणी सांगत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट करावी लागते. १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट वाजत नाही, किंचित जास्त वाजतो. १० वॉटच्या मात्र तो दुप्पट वाजतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पीकर. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज देतो यावर स्पीकरची कार्यक्षमता मोजतात. एकाची १०० डेसिबल असेल आणि दुसऱ्याची ९४, तर पहिल्याला १५ वॉट दिले काय आणि दुसऱ्याला ६० दिले काय, आवाज सारखाच. डबा हलका करायच्या नादात पुष्कळ लहान ॲम्पमध्ये कमी कार्यक्षमतेचे स्पीकर बसवतात आणि तूट वॉटनी भरून काढतात. पेटीवर छापलेला वॉटचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही.

मग वॉट लागतात तरी कशाला? स्वच्छ राहायला. तार छेडल्या क्षणीचा आघात हा त्यानंतर टिकणाऱ्या सुरापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो आघात न फाटता बाहेर पडावा एवढी जागा ॲम्पमध्ये शिल्लक असावी लागते. तिला हेडरूम म्हणतात. जॅझवाल्याने विकत घ्यायची गोष्ट ही. मोठा आवाज त्याला फारसा लागत नाही. मध्यम आवाजात, जोरात छेडल्यावरही, न फाटणारा आवाज लागतो.

फाटण्याला एवढा विरोध का, याचं कारण सुरांच्या गणितात आहे आणि ते आपल्याला सा-रे-ग-मच्या भाषेत चटकन समजतं. ॲम्प फाटू लागला की तो दोन सुरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी करून नवे सूर तयार करतो. रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. त्यांचं प्रमाण २ ला ३. वजाबाकी १, म्हणजे खालचा सा. नवा सूर घरातलाच निघाला, उलट त्याने कॉर्डला खालून आधार दिला. म्हणून रॉकची गिटार फाटली की अधिक भव्य वाटते. आता जॅझमधला अगदी साधा कॉर्ड घ्या, मेजर सेव्हन्थ: सा, ग, प आणि शुद्ध नी. सा आणि शुद्ध नी यांचं प्रमाण ८ ला १५. वजाबाकी ७. हा सूर सा-च्या खाली, कोमल नीच्या आसपास पडतो आणि धड त्याच्यावरही बसत नाही. शुद्ध नी वाजत असताना खालून अर्धवट कोमल नी उगवला. ही एका जोडीची गोष्ट झाली. चार सुरांच्या कॉर्डमध्ये अशा सहा जोड्या असतात. त्यात नववा आणि तेरावा सूर घाला. बिल एव्हान्सच्या पियानोवरून उचललेली ती नाजूक रचना फाटलेल्या ॲम्पमधून चिखल होऊन बाहेर पडते. वाजवणाऱ्याचा हात कितीही तयार असला तरी तो चिखल निवळत नाही.

जॅझ गिटारिस्ट स्वच्छ आवाज मागतात तो या हिशेबाने. त्यांची आवड सोवळी आहे म्हणून तो मागतात, असं समजणाऱ्यांनी सा आणि नीची ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

इथे ट्यूबचा विषय काढायलाच हवा, कारण गिटारच्या जगात ट्यूबची जी भक्ती चालते ती जॅझ शिकणाऱ्याला महागात पडते. ट्यूबचा ॲम्प सुंदर फाटतो, हळूहळू फाटतो, बोटांच्या दाबाबरोबर फाटतो. त्याचा लौकिक मुख्यतः या फाटण्यावर उभा आहे. ज्याला फाटायलाच नको आहे त्याने त्या गुणासाठी दुप्पट-तिप्पट पैसे का मोजावेत? ट्रान्झिस्टरचा ॲम्प एका मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ राहतो आणि ती ओलांडली की एकदम कर्कश होतो. त्या मर्यादेच्या आत राहिलं की झालं.

पुरावा हवा असेल तर पॉलिटोन या नावाकडे बघा. टॉमी गुमिना हा अमेरिकी अकॉर्डियनवादक, क्लॅरिनेटवाल्या बडी डीफ्रँकोबरोबर वाजवणारा. त्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही कंपनी काढली. अकॉर्डियनवाल्याला फाटलेला आवाज चालतच नाही, त्याच्या हाताखाली एकाच वेळी आठ-दहा सूर असतात. कंपनीचा मिनी-ब्रूट हा लहानसा, जाड पॅडिंगच्या पेटीसारखा दिसणारा ट्रान्झिस्टर ॲम्प जो पासने वापरला, जॉर्ज बेन्सनने वापरला, जिम हॉलने वापरला. जो पास म्हणजे एकट्या गिटारवर धून, कॉर्ड आणि बास तिन्ही एकदम चालवणारा माणूस. ‘व्हर्च्युओसो’ ऐकलेल्या कुणालाही त्याच्या कानाबद्दल शंका राहणार नाही. त्याला मंचावर ट्रान्झिस्टर चालत होता. आपल्याला का चालू नये?

दुसऱ्या बाजूचा मान राखून हेही सांगतो, की ट्यूबचा चांगला ॲम्प स्वच्छ वाजवला तर त्याच्या सुराला जी गोलाई येते तिची बरोबरी थोडेच ट्रान्झिस्टर करतात. जिम हॉल पॉलिटोनच्या आधी गिब्सनचा जीए-५० हा ट्यूबचा ॲम्प वाजवायचा. सॉनी रॉलिन्सबरोबरच्या ‘द ब्रिज’मधला, १९६२ सालचा, त्याचा आवाज ऐका. सॅक्सोफोनच्या खाली तो गालिच्यासारखा अंथरलेला आहे. असा ॲम्प परवडत असेल, दुरुस्त करणारा माणूस जवळ असेल, तर जरूर घ्या. पण ‘ट्यूब नाही म्हणजे खरा आवाज नाही’ असं कुणी सांगू लागला तर त्याला जो पास ऐकवा.

फेंडरच्या ॲम्पबद्दल एक गोष्ट माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण निराश होतात. फेंडरचे साठच्या दशकातल्या घडणीचे ॲम्प, ट्विन रिव्हर्ब असो की डिलक्स रिव्हर्ब, मधल्या सुरांत खड्डा ठेवूनच बनवलेले आहेत. तो खड्डा ४०० हर्ट्झच्या आसपास पडतो. गिटारच्या पहिल्या तारेचा मोकळा सूर ३३० हर्ट्झचा, तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर तो ४०० च्या घरात जातो. म्हणजे जॅझची धून जिथे नांदते नेमकी तिथे ॲम्प दबतो आणि वर चमक, खाली घुमारा वाढवतो. कंट्रीवाल्याला, सर्फवाल्याला हे अमृत. जॅझवाल्याने ट्विनवर मिडलचा नॉब पूर्ण वर न्यावा, बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणावेत. तेव्हा कुठे आवाज सपाटीला येतो. डिलक्सला मिडलचा नॉबच नसतो, तिथे बेस-ट्रेबल कमी करून भागवावं लागतं. ग्रँट ग्रीनबद्दल गिटारिस्टांमध्ये सांगतात की तो ॲम्पचे बेस आणि ट्रेबल पार खाली घेऊन मधले सूर पुरते वर ठेवायचा. त्याची कुठलीही ब्लू नोटची ध्वनिमुद्रिका लावा, आवाज तसाच आहे: उघडा, सरळ, कापरासारखा स्वच्छ.

म्हणून मधल्या सुरांसाठी स्वतंत्र नॉब नसलेला ॲम्प जॅझसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिलक्ससारखा एखादा अपवाद सोडा.

वजनाचंही बोलू. ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा, १२ इंची दोन स्पीकर, वजन २९ किलोच्या आसपास. मोठ्या सभागृहात, जोरकस ड्रमरसमोरही तो स्वच्छ राहतो, आणि तीच त्याची खासियत. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीतून तो महिन्यातून चार वेळा उतरवणारा माणूस वर्षभरात वाजवणं कमी करतो किंवा पाठीचे डॉक्टर गाठतो. २०१९ साली फेंडरने टोन मास्टर नावाने त्याचंच डिजिटल रूप आणलं, वजन जवळजवळ निम्मं. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. मी मुरडणार नाही. वाजवणाऱ्याच्या पाठीचा विचार करणारा ॲम्प मला पसंत आहे.

रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा. नावातच जॅझ कोरस. १२ इंची दोन स्पीकर, दोन्हींना वेगवेगळे ६० वॉट. भाड्याने मिळणाऱ्या सामानात तो जगभर भेटतो, त्यामुळे तुमच्या वाट्याला तो कधी ना कधी येणारच. नावावर जाऊ नका. त्याचा कीर्तिस्तंभ जॅझवाल्यांपेक्षा ऐंशीच्या दशकातल्या रॉक-पॉपवाल्यांनी उभारला. तो कमालीचा स्वच्छ आहे, पण स्वभावाने काचेरी आहे. ट्रेबल खाली घ्या, ब्राइटची कळ बंद ठेवा, कोरस तर बंदच ठेवा, गिटारवरचा टोनचा नॉब थोडा मागे घ्या. मग तो उत्तम काम देतो.

इथे कुणीतरी म्हणेल, जॉन स्कोफिल्ड व्हॉक्सचा एसी-३० फाडून वाजवतो, मॅकलॉक्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रात मार्शल पेटवले, ते काय जॅझ नव्हे? जॅझच आहे, आणि थोर आहे. पण स्कोफिल्ड कोणते सूर गाळायचे हे जाणूनच फाटलेल्या आवाजात कॉर्ड मांडतो. मॅकलॉक्लिनने त्या आवाजात विजेसारखे एकेरी पल्ले फेकले आणि पुढे झाकिर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’त बसताना मार्शल बाजूला ठेवून बिनविजेची गिटार उचलली. कुठल्या खोलीत कुणाबरोबर काय लागतं, हे त्याला नेमकं कळत होतं. नवशिक्याने त्याचा मार्शल उचलू नये, ही समज उचलावी.

आता खोलीकडे येऊ, कारण माझा सगळा आग्रह तिच्यासाठी आहे.

दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये सराव करणाऱ्याला ५ ते १५ वॉट भरपूर होतात. व्हॉल्यूम एक-दीडच्या पुढे जात नाही असा ॲम्प घरी आणण्यात अर्थ नाही. तेवढ्यावर बऱ्याच ॲम्पचा स्पीकर नीट जागाही होत नाही. कॅफेत, बास आणि ब्रशने वाजणाऱ्या ड्रम्सबरोबर, ३० ते ६० वॉटचा ट्रान्झिस्टर किंवा २० वॉटच्या आसपासचा ट्यूब पुरतो. ड्रमर काठ्या घेऊन सुटला की २२ वॉटचा डिलक्सही काठावर येतो. तिथे एक तर मोठा ॲम्प, नाहीतर ॲम्पमधून लाइन आउट काढून ती सभागृहाच्या सिस्टीमला देणं. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूचा आहे. लाइन आउट असलेला लहान ॲम्प हा मंचावरचा सगळ्यात शहाणा सोबती. साउंडवाल्याला मात्र एक आधीच सांगून ठेवा: गिटारच्या चॅनलला वरून ट्रेबल चढवू नको. हे सांगितलं नाही तर तो हमखास चढवतो.

गिटार पोकळ असेल तर खोली आणखीनच महत्त्वाची. ॲम्पचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, तारा पुन्हा हलतात, आणि तोच सूर भोवऱ्यासारखा वाढत जाऊन घूं करून उठतो. साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात हा उपद्रव जास्त. ॲम्प कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. उपाय फुकटातला आहे. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा, आणि आपण त्याच्या सरळ समोर उभं राहू नका. बेसचा नॉब निर्दयपणे खाली घ्या. गिटारची सहावी तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झवर, आणि त्या प्रदेशात बासवाला आधीच बसलेला असतो. त्याची जागा त्याला दिली की सबंध बँड उजळतो. घरी एकट्याने वाजवताना गोड लागणारा जाडजूड आवाज बँडमध्ये नुसता गोंगाट होतो.

स्पीकरच्या आकाराबद्दल लोक उगाच भांडतात. १५ इंची गुबगुबीत वाजतो, १२ इंची सगळीकडे चालतो, १० इंची चपळ, ८ इंची त्याच्या मापापेक्षा खूप काही करून दाखवतो. इटलीतला डीव्ही मार्कचा लिटल जॅझ ८ इंची, ४५ वॉटचा, सात किलोंच्या आसपास. जर्मनीतल्या एईआरचा कॉम्पॅक्ट ६० हाही ८ इंची, ६० वॉटचा, साडेसहा किलोंचा. तो खरं तर अकूस्टिक वाद्यांसाठी बनवलेला, पण लाकडाचा आवाज जपायचा असणारे आर्चटॉपवाले त्याच्यावर जीव टाकतात. कोलोरॅडोतले हेन्रिक्सन तर जॅझवाल्यांसमोरच दुकान मांडून बसलेले. हे सगळे आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि मिळाले तर स्वस्त नसतात. म्हणून नावांपेक्षा गुण लक्षात ठेवा: स्वच्छ, मधले सूर हाताशी, हलका, लाइन आउट असलेला. हे चार गुण रोलंडच्या जुन्या क्यूबमध्येही सापडतात, आणि वापरलेला क्यूब कित्येकदा नव्या ट्यूबच्या पाव किमतीत मिळतो.

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मावशीकडून ॲम्प मागवणाऱ्यांशी दोन शब्द. तिथली वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. आवडीने आणलेला ॲम्प नुसती पिन बदलून भिंतीत लावला तर पहिल्याच क्षणी फ्यूज जातो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. पाठीमागची पट्टी वाचा. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. नुसतं १२० लिहिलं असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो हेही ध्यानात असू द्या. ट्यूबचा ॲम्प स्वतः उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो.

आणि एक गोष्ट मी जोडलेल्या हातांनी सांगतो. गुंई आवाज येतो म्हणून पिनचा तिसरा, अर्थिंगचा पाय कापणारे लोक आपल्याकडे आहेत. तसं कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्पचं अर्थिंग तुटलं, आत बिघाड झाला आणि तारांवर हात असताना ओठ माइकला लागले, तर विजेचा प्रवाह माणसातून जातो. माणसं यात दगावली आहेत. गुंई घालवायची तर भिंतीतलं अर्थिंग तपासा, वायर बदला, ट्यूबलाइट किंवा डिमरपासून दूर बसा, हमबकर पिकअप वापरा.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. जॅकच्या आत, नॉबच्या मागे हिरवट थर साठतो आणि ॲम्प खरखरू लागतो. स्पीकरचा कोन कागदाचा असतो. पावसाळ्यात ॲम्प भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि आठवड्यातून दोनदा तरी चालू करा.

खरेदीला निघण्यापूर्वी कान तयार करायला हवा. त्यासाठी आपल्याच माणसाची एक तबकडी सुचवतो. अमान्सिओ डिसिल्वा. गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला गिटारिस्ट, जो साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेला. १९६९ सालच्या ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या जोडीला जमैकाचा अल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आहे. सॅक्सोफोनसारख्या धारदार वाद्याशेजारी गिटार कुठे उभी राहते, तिचा सूर किती जागा घेतो आणि किती सोडतो, ते ऐका. मुंबई-गोव्याच्या गिटारवाल्यांना वेस माँटगोमेरी तोंडपाठ असतो आणि डिसिल्वाचं नावही माहीत नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वेसचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्याने फेंडरही वाजवले आणि स्टँडेलही. दोन्हींवर तो वेसच वाटतो, कारण तो पिकऐवजी अंगठा वापरायचा. आवाजाचा मोठा वाटा हात, तारा आणि पिकअप यांचा. म्हणून ॲम्पवर उरलेलं सगळं बजेट ओतण्याआधी गिटारवर १२ किंवा १३ गेजच्या फ्लॅटवाउंड तारा चढवा, नेक पिकअप लावा, आणि आहे त्याच ॲम्पवर पंधरवडा वाजवून बघा. पुष्कळांचा नवा ॲम्प घेण्याचा विचार तिथेच मागे पडेल.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात हे करा. सगळे नॉब मध्यावर, रिव्हर्ब शून्य, गेन कमी. आधी अगदी हळू, खालच्या तारांवर तीन सुरांचा कॉर्ड: मूळ सूर, तिसरा, सातवा. तिन्ही सूर वेगवेगळे मोजता आले पाहिजेत. मग तोच कॉर्ड कॅफेतल्या आवाजात, जोरात छेडून. पुन्हा तिन्ही मोजा. मग पहिल्या तारेवर वरच्या फ्रेटला एकच सूर धरा. तो किरटा, सुईसारखा लागला तर ॲम्प खाली ठेवा. शेवटी मित्राला वाजवायला सांगून तुम्ही चार-पाच मीटर दूर जा. स्पीकरचा तिखट आवाज सरळ रेषेत जातो, आणि ॲम्प जमिनीवर ठेवून वाजवणाऱ्याचे कान कायम त्या रेषेच्या वर असतात. श्रोत्यांना काय ऐकू येतं ते तुम्हाला दूर गेल्याशिवाय कळणार नाही.

एवढ्यासाठी अर्धा तास लागतो. स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा. दुकानातल्या भरीव गिटारवर जॅझचा ॲम्प पारखता येत नाही. दुकानदार आपली गिटार लावू देत नसेल, किंवा दहा मिनिटांत घाई करू लागला, तर दुसरं दुकान गाठा.